देवाचे बिऱ्हाड

सरकारी नोकरीत असणाऱ्या माणसाच्या संसारात बदलीचा हुकूम ऋतूसारखा येत असतो. काही वर्षांपूर्वी असाच एक हुकूम हाती पडला आणि आम्ही महाराष्ट्रापासून पुष्कळ दूर, उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड हलविले. तेथे मराठी बोलणारी घरे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी होती. आमच्या भाषेतील उपासना तर नव्हतीच. पहिला रविवार उजाडला तेव्हा सामानाची खोकी अजून दोरीने बांधलेलीच होती. त्यांतील एकावर बसून माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, देव इथं आलाय का, की तो तिकडच्या चर्चमध्येच राहिला?"

मी वडीलकीच्या आवाजात सांगितले, "अगं, देव सगळीकडे असतो." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग दर रविवारी आपण तिकडे त्याला भेटायला कशाला जात होतो?"

श्रोतेहो, पवित्र शास्त्राचे वाचन आमच्या घरी चार पिढ्या चालत आलेले आहे. तरीही त्या सकाळी मला धड उत्तर देता आले नाही. पुढे सवडीने मी तेच शास्त्र ह्या एका प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचले. त्यातून जे हाती लागले ते आज सांगावयाचे आहे. विषय आहे देवाचे आपल्या लोकांमध्ये असणे. बोलणे मुख्यतः ख्रिस्ती कुटुंबांशी आहे. परंतु इतर श्रोत्यांनाही त्यात परके वाटण्याचे कारण नाही.

माझ्या उत्तरात चूक अशी नव्हती, पण ते अपुरे होते. देव सर्वत्र आहे हे शास्त्र निःसंशय सांगते. स्वर्गात चढलो तरी तेथे तो आहे आणि समुद्राच्या पैलतीरी गेलो तरी तेथेही त्याचाच हात आहे, ह्या अर्थाचे एक संबंध स्तोत्रच आहे. परंतु सर्वत्र असणे निराळे आणि कोणाच्या तरी सोबत राहणे निराळे. मी दिवसभर कचेरीत असतो तेव्हा मुलांच्या दृष्टीने बाबा गावातच असतात. संध्याकाळी त्यांच्यासमवेत जेवायला बसतो तेव्हा बाबा घरी असतात. शास्त्रात ह्या दुसऱ्या प्रकारच्या असण्याला विलक्षण महत्त्व आहे. इब्री भाषेत ज्या शब्दाने देवाची समक्षता सांगितली जाते, त्याचा मूळ अर्थ 'मुख' असा आहे. कोणासमोर तरी तोंड करून असणे, हे त्यात अभिप्रेत आहे.

ह्या गोष्टीचा सर्वांत विस्तृत धडा निर्गम नावाच्या पुस्तकात आहे, आणि आपण बहुतेक जण नेमका तोच भाग वाचावयाचा टाळतो. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक सीनायच्या अरण्यात तळ देऊन राहिले असता देवाने मोशेला एक निवासमंडप उभारण्याची आज्ञा केली. त्याचे वर्णन आणि त्याची उभारणी ह्यांना मिळून तेरा अध्याय लागले आहेत. विश्वाची उत्पत्ती एका अध्यायात आणि दुसऱ्याच्या थोड्याशा भागात आटोपते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या तंबूचे मोल कळते. फळ्या किती, कड्या किती, पडदे किती हात लांब, असा तो मजकूर आहे. कचेरीत निविदा वाचण्याची सवय असल्यामुळे मला तो फारसा जड गेला नाही, हे कबूल करतो.

मुलीला मी तो वाचून दाखविला आणि मग दोघांनी मिळून अंगणात मंडप आखावयाचे ठरविले. माप 'हाता'त आहे, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे दीड फूट. मंडपाची लांबी ३० हात, रुंदी १० हात आणि उंची १० हात. म्हणजे साधारण ४५ फूट, १५ फूट आणि १५ फूट. तिने स्वतःच्या हाताने मोजावयास आरंभ केला, त्यामुळे तिचा मंडप माझ्या मंडपाहून बराच आखूड झाला. पण मोठ्या माणसाच्या हाताने मोजूनही अंगणातील ती दोरी पाहिल्यावर ती म्हणाली, "एवढाच?" होय, एवढाच. आतील परमपवित्रस्थान तर केवळ १० हात लांब, १० हात रुंद आणि १० हात उंच होते. ज्याने आकाश निर्माण केले त्याने मागितलेली जागा आमच्या सरकारी निवासस्थानाहून फारशी मोठी नव्हती.

सामग्रीही पाहण्यासारखी आहे. आत सोने होते, तलम सणाचे निळे, जांभळे आणि किरमिजी पडदे होते. परंतु मूळ लाकूड बाभळीचे होते, कारण त्या वाळवंटात तेच होते. सर्वांवरून बकऱ्याच्या केसांचे आच्छादन आणि त्यावर कातडी. बाहेरून पाहणाऱ्याला तो इतरांच्या तंबूंसारखाच एक तंबू दिसला असेल. ते केस स्त्रियांनी स्वतःच्या हातांनी कातले, असा स्पष्ट उल्लेख आहे. लोकांनी दाने तर इतकी आणली की शेवटी 'आता पुरे, आणखी आणू नका' असे छावणीत जाहीर करावे लागले. कार्यासाठी निधी जास्त जमला म्हणून तो थांबविण्याचा हुकूम निघाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या दप्तरी तरी आढळलेले नाही.

आता हा तंबू ठेवावयाचा कोठे? गणना नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात छावणीचा आराखडाच दिलेला आहे. पूर्वेस यहूदा आणि त्याचे सोबती असे तीन वंश, दक्षिणेस तीन, पश्चिमेस तीन, उत्तरेस तीन. त्यांच्या आत लेव्यांचे तंबू. आणि ह्या सर्वांच्या ऐन मध्यभागी देवाचा तंबू. राजाचा वाडा वस्तीपासून दूर, टेकडीवर असावा ही जगाची रीत आहे. येथे प्रत्येक कुटुंबाला आपल्या तंबूच्या दारातून देवाच्या वस्तीची दिशा ठाऊक होती. लोक तंबूत राहत होते, म्हणून देवही तंबूत राहिला. लोकांचे बिऱ्हाड हलले की त्याचेही हलत असे.

ह्या हलण्याची व्यवस्था मोठी बारकाईची होती. लेवी वंशातील गेर्षोनी घराणे पडदे नेई आणि त्यांना दोन गाड्या दिलेल्या होत्या. मरारी घराण्याकडे फळ्या, खांब व बैठका असत. ओझे जड म्हणून त्यांना चार गाड्या. कहाथी घराण्याकडे परमपवित्र वस्तू. त्यांना मात्र एकही गाडी नव्हती, कारण त्या वस्तू माणसांनी खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या. कराराचा कोश म्हणजे बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढविलेली पेटी. तिला चार कड्या आणि कड्यांत दोन दांडे. त्या दांड्यांविषयी एक लहानशी आज्ञा आहे, जी मी अनेकदा वाचली होती पण कधी ध्यानात घेतली नव्हती. ते दांडे कड्यांतून कधीही काढावयाचे नाहीत. मुक्काम वर्षाचा असो की रात्रीचा, पेटी सदैव उचलण्याच्या तयारीत असावयाची.

पण हा भाग मुलांना सांगताना एक प्रसंग गाळू नये, कारण त्याच्यावाचून बाकीच्या कथेची धार बोथट होते. मंडपाच्या आज्ञा आणि मंडपाची उभारणी ह्यांच्या मध्ये सोन्याच्या वासराची कथा आहे. मोशे पर्वतावरून उतरावयास विलंब लावतो आहे, देव दिसत नाही, ऐकू येत नाही; तेव्हा लोक स्वतःच एक देव ओतून घेतात, जो डोळ्यांना दिसेल आणि नेला तिकडे येईल. त्यानंतर देव मोशेला जे सांगतो ते भयंकर आहे. कबूल केलेला देश तुम्हांला मिळेल, वाट दाखवावयास दूत येईल, शत्रू घालवून दिले जातील. मात्र मी तुमच्यामध्ये राहून येणार नाही. म्हणजे जे मागितले ते सर्व मिळणार होते, फक्त देणारा सोबत नसणार होता. मोशेने ते नाकारले. तू स्वतः येणार नसशील तर आम्हांला येथून हलवूच नकोस, असे तो म्हणाला. दुधामधाच्या देशापेक्षा त्याला देवासह वाळवंट पसंत पडले.

आपल्या घरात आपण 'देव आपल्यासोबत आहे' हे केव्हा म्हणतो? मुलगा उत्तीर्ण झाला, आजार बरा झाला, बढती मिळाली, म्हणजे. मुले चतुर असतात. देवाची सोबत म्हणजे मनासारखे होणे, असे समीकरण ती मनाशी मांडून ठेवतात, आणि जेव्हा मनासारखे होत नाही तेव्हा त्याच समीकरणाने देव गेला असा निष्कर्ष काढतात. ह्यात दोष त्यांचा नसतो. ते गणित आपण शिकविलेले असते.

पुढे लोक त्या देशात स्थिर झाले आणि दावीद राजाला वाटू लागले की आपण गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश मात्र कापडाखाली आहे. नाथान संदेष्ट्याकरवी त्याला मिळालेल्या उत्तरात किंचित विनोद आहे, असे मला नेहमी वाटते: मी तंबूतून हिंडत आलो, गंधसरूचे घर का बांधले नाही असे मी कोणाला कधी विचारले होते काय? अखेर शलमोनाने मंदिर बांधले. तरी अर्पणाच्या प्रार्थनेत तोच म्हणतो की आकाशात न मावणारा ह्या घरात काय मावणार. ही जाणीव पुढच्या पिढ्यांत मावळली. मंदिर आहे तोवर आपल्याला धक्का लागत नाही, अशी त्यांची समजूत झाली. आणि परक्यांवर, पोरक्यांवर व विधवांवर अन्याय करून वर मंदिराचे नाव जपणाऱ्यांना यिर्मयाने त्या मंदिराच्या दारातच उभे राहून खडसावले. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळले.

मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ह्या ठिकाणी आहे. यहेज्केल नावाचा याजक त्याआधीच पहिल्या तुकडीबरोबर कैद करून बाबेलला नेला गेलेला होता. यरुशलेमपासून शेकडो मैल दूर, खबार नदीच्या काठी, परक्या भाषेच्या मुलुखात त्याला देवाच्या तेजाचे दर्शन झाले. त्या दर्शनात चाके आहेत, आणि ती चारी दिशांना फिरू शकतात. पुढे त्याला असेही दिसले की यरुशलेमच्या मंदिरातून ते तेज निघाले, उंबरठ्यावर थांबले, नगराबाहेर पूर्वेच्या डोंगरावर जाऊन उभे राहिले. मंदिर पडण्यापूर्वीच ते रिकामे झाले होते. आणि जे दूर देशी नेले गेले होते त्यांना देव सांगत होता की त्या देशांत मीच त्यांचे पवित्रस्थान झालो आहे. त्याच काळात यिर्मयाने त्या निर्वासितांना पत्र लिहिले: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. बदलीच्या गावाकडे तात्पुरती जागा म्हणून तुच्छतेने पाहणाऱ्या आम्हां नोकरदारांनी हे पत्र भिंतीवर लावण्यासारखे आहे.

ह्या शिकवणीचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलुखातच आहे. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहत आले. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले सभास्थान उभे राहिले ते १७९६ साली. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांत त्यांच्यापाशी मंदिर नव्हते, आणि त्यांची परंपरा सांगते की ग्रंथही नव्हते. शब्बाथ, सुंता, अन्नाचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, एवढे त्यांनी राखले. आणि ते राखले घरांतून, मराठी बोलणाऱ्या आयांनी आणि आज्यांनी. त्या प्रार्थनेच्या मूळ उताऱ्यातच आज्ञा आहे की हे शब्द मुलांना घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवावेत. सभास्थानाचा तेथे उल्लेख नाही. उंबरठा आणि रस्ता, ह्या दोन जागांचा आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत ही सारी वाट प्रभू येशूपाशी येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी, शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, ह्या अर्थाचे विधान आहे. 'वस्ती केली' ह्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे ते तंबू ह्या शब्दापासून झालेले आहे. त्याने आमच्यामध्ये तंबू ठोकला, असे त्याचे शब्दशः भाषांतर होईल. अरण्यातील मंडप ज्याने ऐकला आहे त्यालाच ह्या शब्दातील खोली उमगते. देवाने पुन्हा एकदा माणसांच्याच घरासारखे घर घेतले. ह्या वेळी ते बाभळीचे आणि कातड्याचे नव्हते, हाडामांसाचे होते.

आणि मग तंबूचीच आणखी एक कथा येते. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य तंबू शिवण्याचा धंदा करीत असे. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिले, इ. स. ४९ च्या सुमारास; म्हणून ती दोघे करिंथ येथे आली. तेथे पौलाने त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू शिवले. पुढे ती इफिसला गेली आणि नंतर पुन्हा रोममध्ये आढळतात. पौलाच्या पत्रांत त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख इफिस येथे आहे आणि रोम येथेही आहे. जेथे त्यांचे बिऱ्हाड गेले तेथे मंडळीला छप्पर मिळाले. त्या काळी ख्रिस्ती लोक जमत ते बहुधा अशाच घरांतून. आजच्या सीरिया देशात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस ह्या नगरात असे एक घर उत्खननात सापडले आहे. साधे राहते घर, इ. स. २४० च्या सुमारास दोन खोल्यांमधील भिंत पाडून मोठी खोली केलेली आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. भिंतीवर मेंढपाळ, पाण्यावर चालणारा प्रभू, बरा झालेला पक्षघाती अशी चित्रे. २५६ साली नगराला वेढा पडला तेव्हा तटाला बळकटी यावी म्हणून त्या रांगेतील घरे मातीने भरून टाकण्यात आली. नगर पडले, पण त्या मातीखाली ती चित्रे टिकून राहिली.

दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले तेथे मी आहे, हे प्रभूचे आश्वासन आपण सर्वत्र उच्चारतो, विशेषतः उपासनेला माणसे कमी आली म्हणजे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ते ज्या जागी आले आहे ती जागा मात्र आपण पाहत नाही. त्याच्या अगदी आधी, भावाने भावाचा अपराध केला असता काय करावे, एकट्याने जाऊन कसे बोलावे, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना कसे न्यावे, हे सांगितलेले आहे. नंतर लगेच पेत्र विचारतो, क्षमा किती वेळा करावी? म्हणजे ते दोघे-तिघे भांडण मिटविण्यासाठी जमलेले आहेत! आमच्या त्या नव्या गावी पहिले काही महिने घरात फार चिडचिड होती. नवी जागा, नवी भाषा, मुलांच्या शाळेची ओढाताण. रात्रीची कुटुंबप्रार्थना मात्र नियमाने चाले, आणि एकमेकांशी न बोलणारी माणसे शेजारी बसून ती म्हणत. हा अध्याय त्या काळात पुन्हा वाचला तेव्हा मला लाज वाटली. त्या रात्री मी पत्नीची आणि मुलांची क्षमा मागितली. प्रार्थना त्या दिवशी लहानच झाली.

एक कठीण प्रश्न उरतो. देव आमच्यामध्ये आहे तर कधी कधी तो मुळीच जाणवत का नाही? त्याच गावी असताना माझी आई वारली. मुलीने तेव्हाही विचारलेच, "आजी आजारी होती तेव्हा देव इथं होता ना?" मी ह्या वेळी घाईने उत्तर दिले नाही. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे देव दूर उभा का आहे, मुख का लपवितो, असे विचारणारी आहेत, आणि ती उपासनेतच गाण्यासाठी आहेत. वधस्तंभावर प्रभूने ओठांवर घेतले तेही असेच एक, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश करणारे. जो स्वतः देवाची वस्ती होता त्यालाही ती रात्र चुकली नाही. म्हणून अशा वेळी लेकराला 'असे म्हणू नये' असे सांगून गप्प करणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. त्या आक्रोशातही देवाला हाक मारलेलीच असते. मी मुलीला तेच स्तोत्र वाचून दाखविले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि अर्थ विचारला नाही.

ज्या कुटुंबांना हे घरी वाचावयाचे असेल त्यांनी निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून आरंभ करावा, आणि मापे गाळू नयेत. दोरी आणि मोकळी जागा जवळ ठेवावी. तेहतिसावा अध्याय एका वेगळ्या संध्याकाळी, सावकाश वाचावा. मग गणनाचा दुसरा अध्याय. त्यातील छावणी काड्यापेटीच्या काड्यांनी मांडता येते. यहेज्केलाचा पहिला अध्याय मोठ्यांना गोंधळात पाडतो पण मुलांना आवडतो, तेव्हा तो त्यांनाच वाचू द्यावा. त्यानंतर योहानाचा पहिला अध्याय, मत्तयाचा अठरावा, आणि सर्वांत शेवटी लूकचा चोविसावा. त्यात अम्माऊस गावी निघालेले दोन निराश शिष्य एका अनोळखी वाटसरूला रात्रीच्या जेवणाला थांबवून घेतात आणि त्याने भाकर मोडली तेव्हा त्याला ओळखतात. हा अध्याय जेवणापूर्वी, ताटे मांडलेली असताना वाचावा.

आमच्या मुलीने पुठ्ठ्याचा कोश केला होता आणि दांडे पक्के डिंकाने चिकटविले होते. गेल्या बदलीत तो स्वयंपाकघराच्या खोक्यात घालून आणला. एक दांडा वाटेत मोडला. तो अजून नीट करावयाचा आहे.